आतली खोली, खिडकी नाही

भाव मंगळवारी उतरतात, हे माझं निरीक्षण.
फेब्रुवारीत, शाळा चालू असताना, आणखी उतरतात.
जहाज सुटायला पंधरा दिवस उरले
की रिकाम्या खोल्या कंपनीच्या डोळ्यांत खुपू लागतात.
फोन तेव्हा करायचा. आधी नाही.
एकतीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात
पाचशे पोरांचं जेवण सेंट सेंट वाचवत रांधलंय मी,
मला कोण काय शिकवणार.

गॅल्व्हस्टनहून पाच रात्री. आतली खोली, खिडकी नाही.
दोनशे एकोणनव्वद डॉलर, माणशी.
त्या 'माणशी'पाशी चष्मा पुसला.
एकटीनं जायचं तर
न आलेल्या माणसाचं भाडंही आपणच भरायचं.
तसं ते मी बरीच वर्षं भरतेच आहे,
पण रोख नाही.

म्हणून ओडीलला फोन लावला.
पोर्ट आर्थरमध्ये आमच्या दोन घरांत
अकरा रस्ते आणि एक कालवा.
आईचं घर विकताना जे बोलून बसलो
त्यानंतर सात वर्षं चर्चमध्येही
ती डावीकडच्या बाकावर, मी उजवीकडच्या.
म्हटलं, "अर्लीन. पाच रात्री. दोनशे एकोणनव्वद."
बराच वेळ नुसता तिच्या पंख्याचा आवाज.
मग: "टिप धरून, का सोडून?"
बहीण माझीच ती.

कोझुमेलला उतरलो. पाच जहाजं एका रांगेत,
ती पुढे, मी मागे.
बोललो ते फक्त किमतींवर.

माझी सगळी भिस्त प्रोग्रेसोवर होती.
वहीत चार पानं:
मुक्काम आठ ते चार. समुद्र उथळ, म्हणून धक्काच
चार मैल चालत आलाय जहाजाला घ्यायला.
गावापर्यंत बस फुकट.
जहाजवाल्यांची सहल नव्वद डॉलर, नको;
मेरिदाची साधी गाडी चौकातून मिळते,
परतीची दोनच्या आत धरायची.
घड्याळ जहाजाचं मानायचं, गावाचं नाही.
(खाली दोन रेघा.)
आणि बाजारात डोन्या एलेउतेरिया, सुती झुलेवाली,
मागच्या खेपेला अर्धे पैसे देऊन ठेवलेत.

पहाटे कप्तान छतातून बोलला.
उत्तरेचा वारा सुटलाय, धक्क्याला लागता येणार नाही,
बंदराचा कर तुमच्या खात्यात परत जमा होईल.
पायजम्यावर कोट चढवून दोघी वर गेलो.
लांब तो धक्का दिसला,
कुणी पेन्सिलीनं रेघ मारायला घेतली
आणि मध्येच हाक आली म्हणून उठून गेलं, तसा.
जहाजानं सावकाश पाठ फिरवली.
बुफेत लोक कॅसिनो कधी उघडणार विचारत होते.

खोलीत दिवा मालवला की रात्र आणि दुपार एकच.
ओडील वरच्या बर्थवर, हातात माझी वही, टॉर्च लावून.
"साडेआठ," ती म्हणाली. "फुकटच्या बसमध्ये बसलो.
खिडकीची जागा माझी."
मी काही बोलले नाही.
"नऊ चाळीस. चौक. सुटे पैसे तुझ्याकडे ना?"
"आहेत."
"साडेअकरा. बाजार. मला इथे ऊन लागतंय, अर्लीन."
"मग टोपी घाल."
पान उलटल्याचा आवाज.
मग पुढचं पान उलटेना.

"झुले दोन का लिहिलेत?
तारीख तर गेल्या वर्षीची आहे."

"दोन घेतले तर स्वस्त पडतात," मी म्हटलं.

वर गादी कुरकुरली. टॉर्च विझला.
भिंतीत कुठेतरी पाइपातून पाणी धावत होतं.
सोळा डॉलर चाळीस सेंट परत येणार माणशी,
निम्मे निम्मे करायचाही प्रश्न नाही, असं मी मनात मांडत होते,
आणि एलेउतेरियाबाईला कसं कळवायचं,
वाऱ्यात तिनं दुकान तरी लावलं असेल का,
तेव्हा अंधारातून आवाज आला,

"ऊठ. दोन वाजत आले. गाडी चुकेल."