डावीकडे की उजवीकडे

चैत्र तापला की माझं दुकान लोकांच्या खिडकीत.
सक्करदऱ्यापासून लक्ष्मीनगरापर्यंत
वाळ्याच्या ताट्या आधी सायकलवर न्यायचो.
आता लुना. दांडीवरून पाय पलीकडे टाकणं
तीन वर्षांपासून जमून नाही राहिलं.

मेडिकलमध्ये टाके सुकले दहा दिवसांत.
डॉक्टर म्हणाले, जाळी बसवली, आता जन्माची काळजी नाही.
मी हसलो. जाळी बसवणं हा तर माझाच धंदा.

मग आत कुठंतरी एक धागा तापला.
मांडीचा एक पट्टा मेला, चिमटा काढला तरी कळत नाही,
आणि त्याच्याच काठाला पँटची शिवण लागली
की डोळ्यांत पाणी.
जागा अशी, की चारचौघांत हात ठेवता येत नाही.
बायकोला सांगितलं पाचव्या महिन्यात.
ती म्हणाली, मला वाटलं मीच नकोशी झाले.

सोनोग्राफीत सगळं जागच्या जागी.
शून्य ते दहात किती दुखतं, त्यांनी विचारलं.
मला रेग्युलेटर आठवला : लो, मीडियम, हाय.
म्हटलं, साहेब, बंदचं बटण कुठं आहे तेवढं सांगा.
मग काढून टाकता येईल का?
ते म्हणाले, मांस तिच्या आरपार वाढलंय आता.

हे मला समजतं.
परवा सोनकुसरे मास्तरांकडे
चार उन्हाळे न बदललेली ताटी निघाली.
क्षार चढून गवत न् तार एक झालेली,
ओढावं तर तारेसकट तुटते,
सोडावं तर वारा नाही.
पेचकसानं खरवडत उकिडवा बसलो
आणि उठताना अर्ध्यातच अडकलो,
तळहात जांघेत,
लाज विसरून.

मास्तरांनी पेपरची घडी घातली.
पायानंच स्टूल माझ्याकडे सरकवलं.
"डावीकडे की उजवीकडे?"
"उजवीकडे जी."
"माझी डावी. सहा वर्षं."

बाहेर शेहेचाळीस डिग्री, रस्त्यावर कुत्रंही नाही.
कूलर उघडा पडलेला, पंप बादलीत.
आम्ही दोघं घाम पुसत बसून राहिलो.
बऱ्याच वेळानं ते म्हणाले,
"खोकताना काय धरता?"
"हाताशी असेल ते. पाइप, पाना, काहीही."
"मी उशी धरतो," मास्तर म्हणाले,
"लहानशी. नातवाची होती."