कडेचा झोपाळा

रंकाळ्याकडच्या बागेत पहाटे साडेपाचला
बाबालाल झोपाळ्याला कान लावतो.
खिशात बारा-तेराचा पाना,
डबीत घट्ट काळं ग्रीस.
कडी कुरकुरली तर तिला म्हणतो,
'बोल की गं, कुठं दुखतंय?'

घसरगुंडीच्या पत्र्यावरून उलटा हात फिरवतो.
पोराची मांडी जिथं घासेल, तिथं
आधी त्याचं कातडं.

तीन अर्ज दिलेत वॉर्डात, नव्या साखळीसाठी.
तोवर सुतळीनं बांधून ठेवलाय
कडेचा झोपाळा,
गाठ अशी, की पोरांना सुटू नये.

संध्याकाळी भेळेचा कागद चुरगाळत
कुणीतरी ओरडतं,
'ह्यो का बंद? कामं करत न्हाईत लेकाचे!'

बाबालाल काही बोलत नाही.
बाकीचे तीन
उंच जातात, परत येतात.
तो परत येणं मोजतो.