खोली

देवपुरात तिसऱ्या मजल्यावर
दहा बाय अकराची खोली माझी,
खिडकीशी चिनीमातीचं पसरट भांडं,
निळं, काठाला पांढरी वेल,
त्यात हातभर रबराचं झाड.
भांडं चार बोटं खोल. मी घेतलं ते रंगावरून.

मार्चपासून पानं पिवळी पडत गेली,
खालून एकेक.
मी नकलांच्या खात्यात आहे,
पिवळं म्हणजे जुनं, एवढंच मला वाचता येतं.
म्हटलं, धुळ्याचा उन्हाळा, तहानलं असेल.
सकाळी तांब्याभर, कचेरीतून आल्यावर तांब्याभर.

खालचे भटूआप्पा बोरसे
(आडनाव बोरसे अन् धंदाही बोरचा,
हा विनोद ते स्वतःच आधी करून टाकतात)
टाकीचे पैसे मागायला आले
आणि भांड्यात बोट खुपसून उभे राहिले.
बोट बाहेर आलं, त्याला गटारीचा वास.
"उथय शे व बहीन."
म्हटलं, उथळ आहे तर लवकर सुकायला हवं ना?
तळाला भोकही पाडून घेतलंय.

ते मोरीकडे गेले,
भांड्यांचा स्पंज भिजवला,
तळहातावर आडवा धरला.
दोनचार थेंब गळले, थांबले.
मग तोच स्पंज उभा केला
आणि पाणी पुन्हा चालू झालं,
धार धरून, कुणी न पिळता.

तेवढाच स्पंज.
तेवढंच पाणी.

मातीच्या बुडाशी दोन बोटं ओल थांबून राहते,
भोक असलं तरी.
खोल कुंडीत ती पायाशी असते,
उथळ भांड्यात गळ्याशी येते.
हे त्यांनी सांगितलं नाही. मी जुळवलं,
रात्री, दिवा घालवून.

रविवारी भांडं उलटं केलं.
माती कुठली, मुळ्याच निघाल्या
भांड्याच्या आकाराच्या,
काठाला लागून वेटोळी, फिरून फिरून तिथंच,
बुडाला काळ्या, बुळबुळीत.
दस्तांत मी रोज उतरवते:
खोली एक, लांबी अमुक, रुंदी अमुक.
खोलीची खोली कोणत्याच रकान्यात नसते.
अकरा वर्षं राहतेय इथं.
पलंग, कपाट, खिडकी, पलंग.
तेव्हा काही बोलले नाही. कात्री आणली.

आप्पांनी तेलाचा डबा आणला होता,
कापून अर्धा केलेला.
अख्खा का नाही?
"एवढुसं रोप, त्याले इहीर कसाले?"
मुळ्या पोचत नाहीत तिथली माती आंबते म्हणे.

हा माणूस शिरपूरपासून साक्रीपर्यंत
सहाशे, सातशे फूट खाली जाऊन आलाय,
काळा खडक, तांबडा पट्टा, पुन्हा काळा खडक,
आणि कितीदा तरी हाती आलाय नुसता धुरळा,
तेव्हा मालकाच्या तोंडाकडे न बघता
पाईप मोजत राहिलाय.
तो माझ्या डब्यात नऊ इंच माती भरत होता,
वीत लावून, परत लावून,
खिळ्याने पाडलेली पाच भोकं
डोळ्यासमोर धरून, एकेकातून आभाळ बघून.

दीड महिना झाला.
वर काहीच नाही. एक पान आणखी गळलं.
जिन्यात विचारलं, तर आप्पा
खिशात किल्ली चाचपत म्हणाले,
"खाले चालू शे."
त्यांना तरी काय ठाऊक.
खालचं त्यांना किती वेळा चुकलंय.

तरी मी बुंधा हलवून पाहत नाही.
रात्री भांडी झाली
की स्पंज मोरीच्या कठड्याला उभा करून ठेवते.
अंधारात थोडा वेळ गळणं ऐकू येतं,
मग नाही.