पेवाचा कंदील

चावडीमागं अकरा पेवं होती
आणि उतरणारा मी एकटाच.
तोंडावरची माती उकरायची, कडबा बाजूला,
मग माझ्याआधी कंदील जायचा,
सुंभाला बांधून, हळू,
झोपलेलं लेकरू खाली ठेवावं तसा.

कंदिलानं मान टाकली
की म्हातारे म्हणायचे, जोंधळा जिता आहे,
श्वास घेतोय, घेऊ द्या.
तोंड उघडं ठेवून आम्ही तंबाखू मळत बसायचो.
माझा चुलता थांबला नव्हता.
त्याला गळ टाकून काढला.

वर आलो की चार दिवस अंगाला आंबूस वास.
भागीरथी माझं अंथरूण लांब टाकायची
आणि त्याच वासाची भाकर थापायची.
पेवामागं सूपभर, तळाचा काळा दाणा माझा.

मग खामगावकडून एक जण आला, छत्रीवाला.
बोंड फोडून धागा नखावर ताणला,
"आखूड," म्हणाला.
पुढच्या साली सरकी दुसरी आली.
जोंधळा काळ्या रानातून बांधाला सरकला,
बांधावरून माळाला,
माळावरून बायकांच्या बोलण्यात.
कलदार आले. हलीसिक्का त्यांच्यापुढं मुका.
खोटं कशाला बोलू, मलाही आवडायचा तो आवाज.

अकराची सहा झाली, सहाची दोन.
एकात शेळी पडली, ती मीच काढली.

फसली तेराशे नऊ.
आभाळ घासून पालथ्या घातलेल्या परातीसारखं.
कनवटीला कलदार, बाजारात दाणा नाही.
कुणीतरी म्हणालं, शेवटच्या पेवात असेल काही,
सटवाजीला बोलवा.
लेकरं रिकामी पोती घेऊन काठावर.
मी कंदील सोडला.
सुंभ संपलं.
तो विझला नाही.
तळाला टेकून असा लख्ख जळत राहिला
की भिंतीवरच्या जुन्या खुरप्याच्या खुणा मोजाव्यात.
उजेड बघून
बायांनी तोंडाला पदर लावले.

आता रूळ आलेत. मी सेलूच्या प्रेसमध्ये असतो.
लाकडी पेटीत उतरायचं,
वरून रुई पडते, ती पायानं तुडवायची,
गाठ घट्ट बसली पाहिजे, मुकादम वरून ओरडतो.
नाकातोंडात पांढरं.
काम तेच, उतरायचं.
फक्त इथं
आधी कंदील कोणी सोडत नाही.