दलमा बेटावरून

तुळपुळे, तुम्ही विचारलंत,
बायकोपोरांना इथं आणावं का.

बोट दोन तासांची. वारा उठला की तीही नाही.
शाळा एक. मराठी बोलणारं घर एक, आमचं.
दाढ दुखली तर गुरुवारपर्यंत कळ काढायची.
उन्हाळ्यात घसरगुंडी निवते
ती रात्री नवानंतर.

शाल्मली पहिला महिनाभर
बोटीच्या वेळेला धक्क्यावर जाऊन बसायची.
मी समजलो, परतायचंय तिला.

परवा बोट लागली,
तर उतरणाऱ्या एका रडक्या पोराला
ही अरबीत काहीतरी सांगत होती,
मुठीतला शिंपला त्याच्या मुठीत कोंबत.

काय म्हणालीस गं?
"काही नाही. इथलं कुत्रं चावत नाही म्हटलं."

गोडा मसाला मात्र
येताना दोन किलो जास्त आणा.