दऱ्या आणि दर्या

सातपूरची दुसरी पाळी सुटली की
मी माझ्या कामाला बसते.
म्हणजे फुकटच्या.
पगार कोण देतं गं याचा? आई विचारते.
कोणीच नाही.
मग साहेब कोण?
तोही कोणी नाही.
ती चहा ठेवून जाते, काळजीने.

काम एवढंच : मराठी शब्द ओळीने लावणारा
एक छोटा प्रोग्रॅम.
सुरू केला कुणा निकुंभांनी,
मग त्यांना नोकरी लागली, किंवा मूल झालं, किंवा कंटाळले.
त्यांची शेवटची नोंद अकरा वर्षांपूर्वीची :
"उद्या बघतो."
तेव्हापासून तो उद्या माझ्याकडे आहे.

जानेवारीत तक्रार आली.
तुमच्या यादीत दऱ्या आणि दर्या एकच झालेत.
खरंच की.
अंजनेरीच्या सगळ्या दऱ्यांत
मी समुद्र भरून ठेवला होता
आणि नाशकात कुणाला पत्ता नव्हता.

मी माझ्या फांदीवर दुरुस्त केलं.
त्याच रात्री दुसऱ्या फांदीवर
हेल्मी नावाच्या कुणी, टाम्पेरेहून,
त्याच ओळी, निराळ्या तऱ्हेने.
जोडायला गेले तर यंत्र अडून बसलं :
वर तुझं, खाली तिचं,
मध्ये बरोबरच्या सात खुणा.
ठरव.

दुतोंड्या मारुतीचं बरं आहे,
पाणी गळ्याशी आलं तरी
त्याला एक तोंड निवडावं लागत नाही.

तिला मराठीचं अक्षर येत नाही.
तिने नुसतं पाहिलं,
एक र आडवा पडलेला,
एक र डोक्यावर चढलेला.
माझ्या एकोणीस ओळी. तिच्या चार.
मी माझ्या पुसल्या.
पुसल्या म्हणजे काय, इतिहासात आहेतच,
कोण चुकलं, किती वाजून किती मिनिटांनी,
सगळ्या जगाला उघडं.

मग तिने लिहिलं, हे दोन शब्द म्हणून दाखवशील?
त्र्यंबक रोडचा ट्रक जाईपर्यंत थांबून
मी आवाज पाठवला.
तिचा आला उलट : दर्या. दर्या.
दोन्ही वेळा समुद्रच.

दारात आई उभी. कधीची, कोण जाणे.
"चुकतंय तिचं," म्हणाली,
आणि पदराला हात पुसत
"दे इकडे तो माईक."