मार्किंग

भायखळ्याला डॉक्टर सुखटणकरांकडे
मंगळवार गुडघ्यांचा.
बाकावर माझ्या शेजारी एक गोरा म्हातारा,
मांडीवर बर्फाची पिशवी, हातात खाऱ्या शेंगदाण्यांची पुडी.
चेहरा ओळखला नाही.
स्टॉपरला स्ट्रायकरचा चेहरा दिसतो कुठे?
तो पाणी प्यायला उठला, वळला,
आणि ती पाठ!
कूपरेजवर नव्वद मिनिटं माझ्या नाकासमोर होती,
नऊ आकड्याचं पोट घामाने चिकटलेलं.

ओंद्रेय.
तेव्हा छत्तिशीचा, करार एका मोसमाचा.
आमची बँकेची टीम, सरावाचा सामना.
साहेब म्हणाले, दमलेला घोडा आहे, फक्त सोडू नकोस.
नाही सोडला.
शर्ट धरला, कोपर लावलं, टाचेवर टाच.
एकाहत्तराव्या मिनिटाला त्याने
माझ्या बुटाकडे बोट दाखवलं.
मी खाली पाहिलं.
नाडी बांधलेली होती.
जाळं हलत होतं.

आता तो हिशोब सांगतो, शेंगदाणे सोलत:
अकरा क्लब, एकशे त्रेचाळीस गोल.
वडील कागदाच्या गिरणीत,
पहिला गोल बर्फात, नारिंगी चेंडूने.
सायप्रसवाल्यांनी पाच महिन्यांचा पगार बुडवला.
देशाकडून एकदाच उतरला,
सात मिनिटं,
चेंडूला दोनदा पाय लागला.
"दुसऱ्यांदा तर चेंडूच येऊन लागला," म्हणतो,
आणि बराच वेळ टरफलं गोळा करत बसतो.

मग ऑर्लेमची लविना, तिच्या आईचं घर,
शाळेच्या मैदानावर संध्याकाळी चाळीस पोरं.
"मराठी पोरांनीच शिकवली. आधी शिव्या."
"आणि त्यांना तू काय शिकवतोस?"
"पाठ कशी दाखवायची."

नंबर लागले, सुया झाल्या.
जिन्याच्या तोंडाशी त्याने पुन्हा
माझ्या बुटाकडे बोट केलं.
हसलो मी. चोवीस वर्षांनी
तोच डाव? नाही पाहिलं खाली.
पहिली पायरी, दुसरी,
आणि पाय दुसऱ्याच कशात तरी अडकला.

पडलो नाही.
मागून कुणीतरी माझा शर्ट
मुठीत गच्च धरला होता,
शिवण उसवेपर्यंत.

"फाऊल," मी म्हणालो,
भिंतीला टेकून, धापा टाकत.
त्याने मूठ सोडली नाही.